सांध्यातील स्टेरॉइड इंजेक्शन

दाह व वेदना कमी करण्यासाठी सांध्याच्या पोकळीत कॉर्टिकोस्टेरॉइड टोचण्याची उपचारपद्धती. अमेरिकन संधिवाततज्ज्ञ जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या अशा वापराचे निष्कर्ष १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. आज ट्रायअ‍ॅम्सिनोलोन, मिथिलप्रेडनिसोलोन इ. औषधे, बहुधा बधिरता आणणाऱ्या लिग्नोकेनसह, गुडघा वा खांद्यात देतात. बधिरता काही तासांत ओसरते. स्टेरॉइडचा गुण काही दिवसांत जाणवून सामान्यतः काही आठवडे टिकतो. पहिले एक-दोन दिवस दुखणे वाढू शकते. मधुमेहींची रक्तशर्करा तात्पुरती चढते. झिजलेली कूर्चा यामुळे भरून येत नाही, उलट वारंवार इंजेक्शनांनी तिची हानी संभवते. म्हणून त्याच सांध्यात सहसा किमान ३ महिन्यांचे अंतर ठेवतात. सांध्यात जंतुसंसर्ग असल्यास हा उपचार वर्ज्य आहे. नंतर ताप वा वाढती सूज आल्यास तातडीने तपासणी आवश्यक असते.