नाताळचा आठवडा विकणे आहे : टाइमशेअरची साठ वर्षे

१/
जमिनीचा व्यवहार प्राचीन आहे, घराचाही. काळाचा तुकडा विकण्याची रीत मात्र अवघ्या साठ वर्षांची आहे. 'दरवर्षी या घरातील अमुक आठवडा तुमचा' असे सांगून लाखो कुटुंबांना सुट्ट्या विकल्या गेल्या. या व्यापाराचा उगम आल्प्सच्या बर्फात झाला, नाताळचा आठवडा त्याचे सर्वांत मोठे आमिष ठरला, आणि घेतलेला आठवडा परत विकू पाहणारे अनेकजण आयुष्यभराची पुंजी गमावून बसले. त्या प्रवासाचा हा थ्रेड.

२/
प्रथम पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात समृद्धी आली आणि तिच्यासोबत रजाही वाढली. फ्रान्समध्ये १९५६ साली पगारी रजेचा तिसरा आठवडा कायद्याने मिळाला, १९६९ साली चौथा. मध्यमवर्गीय कुटुंब आता उन्हाळ्यात समुद्राकाठी आणि हिवाळ्यात बर्फात जाऊ लागले. अडचण एकच होती : सर्वांना सुट्टी एकाच वेळी हवी होती. नाताळात डोंगरातील खोल्या अपुऱ्या पडत आणि नोव्हेंबरात त्याच खोल्या रिकाम्या राहत.

३/
यावर पहिला संघटित तोडगा स्वित्झर्लंडमध्ये निघाला. १९६३ साली अलेक्झांडर नेट्टे आणि गुइडो रेंग्ली यांनी 'हापिमाग' ही कंपनी स्थापन केली. लोकांनी कंपनीचे भाग घ्यावेत, कंपनीने त्या पैशांतून सुट्टीची घरे उभारावीत आणि भागधारकांनी ती आळीपाळीने वापरावीत, अशी ही योजना होती. भागाच्या बदल्यात मिळत ते मुक्कामाचे गुण. विशिष्ट भिंतींवर कोणाचीच वैयक्तिक मालकी नव्हती. सहकाराच्या जवळ जाणारी ही कल्पना होती.

४/
त्याच दशकाच्या उत्तरार्धात फ्रेंच आल्प्समध्ये सुपरदेवोलुई हे स्कीइंगचे नवे गाव वसले. तेथे मार्सेयच्या एका बांधकाम कंपनीने ठरावीक आठवडे विकण्यास प्रारंभ केला. दरवर्षी खोलीचे भाडे भरण्यापेक्षा हॉटेलच विकत घेणे स्वस्त, असा तिच्या जाहिरातीचा आशय होता. फ्रेंच भाषेत या पद्धतीला 'बहुस्वामित्व' अशा अर्थाचे भारदस्त नाव मिळाले. टाइमशेअर जन्माला आले ते असे, हिवाळी पर्यटनाच्या कुशीत.

५/
परंतु त्या नावातच पुढील सर्व अनर्थाचे बीज होते. ग्राहकाला वाटे, आपण मालक झालो. प्रत्यक्षात त्याच्या हाती असे ते कंपनीचे भाग आणि ठरावीक काळ राहण्याचा हक्क. फ्रान्सने १९८६ साली या प्रकारासाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यात हा भेद स्पष्ट केला : असा सभासद कंपनीचा भागीदार आहे, इमारतीचा मालक नव्हे. तोवर वीस वर्षे 'मालकी' विकून झाली होती.

६/
आता थोडे गणित. वर्षात आठवडे ५२. दुरुस्तीसाठी एक-दोन वगळले, तर एका सदनिकेचे पन्नास आठवडे विकता येतात. शंभर सदनिकांच्या संकुलात विक्रीला असतात सुमारे ५,००० आठवडे. त्यांत नाताळचे आठवडे किती? केवळ शंभर. म्हणजे पन्नासांतील एकालाच ती बर्फाच्छादित रात्र, तो सजवलेला सूचिपर्ण वृक्ष लाभणार. माहितीपत्रकातील चित्र मात्र उरलेल्या एकोणपन्नास जणांनाही तेच दाखवता येत असे.

७/
ही कल्पना अमेरिकेत फोफावली ती संकटामुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्लोरिडात नव्या सदनिकांची विक्री थंडावली. संपूर्ण सदनिका घेणारा मिळेना, तेव्हा विकसकांनी तिचे आठवड्यांत तुकडे पाडले. एका मोठ्या किमतीऐवजी पन्नास लहान किमती आल्या, आणि त्यांची बेरीज मूळ किमतीहून कितीतरी अधिक भरू लागली. पडून असलेल्या मालावरचा हा उपाय पुढे स्वतंत्र उद्योग झाला.

८/
ग्राहकाची पुढची शंका रास्त होती : दरवर्षी त्याच गावी, त्याच आठवड्यात का जावे? १९७४ साली जॉन आणि क्रिस्टेल डेहान या दांपत्याने इंडियानापोलिस येथे 'आरसीआय' ही अदलाबदलीची संस्था काढली. १९७६ साली 'इंटरव्हल इंटरनॅशनल' आली. आपला आठवडा जमा करायचा आणि दुसऱ्याचा घ्यायचा. त्यासाठी आठवड्यांना रंग मिळाले : मोठ्या मागणीचा लाल, मध्यम मागणीचा पांढरा, अल्प मागणीचा निळा. स्कीइंगच्या डोंगरात नाताळ अर्थातच लाल.

९/
अदलाबदलीने विक्रेत्यांच्या हाती नवे वाक्य आले : 'आज स्वस्तातला निळा आठवडा घ्या, उद्या तो लाल आठवड्याशी बदला.' पण विनिमय हा बाजारच असतो. नाताळचा आठवडा ज्याच्याकडे आहे, तो स्वतःच तेथे जातो. जमा करतो तो विरळा. भेटवस्तूच्या मोबदल्यात दीड-दोन तासांचे सादरीकरण, 'ही किंमत फक्त आजच' हा आग्रह आणि सहीसाठी पुढे सरकवलेला कागद ही पद्धत याच काळात रूढ झाली. १९८४ साली मॅरियट आणि १९९१ साली डिस्नी या क्षेत्रात उतरल्यावर धंद्याला प्रतिष्ठाही मिळाली.

१०/
नाताळचा आठवडा खरोखर विकत घेणाऱ्यालाही एक खाच सापडते. ठरावीक आठवड्यांच्या करारात तारीख नसते, क्रमांक असतो. जानेवारीच्या पहिल्या शनिवारपासून मोजणी केली, तर २०२३ साली २५ डिसेंबर एक्कावन्नाव्या आठवड्यात आला, परंतु २०२२ साली तोच दिवस बावन्नाव्या आठवड्यात होता. २०२२ मध्ये ५३ शनिवार आल्याने मोजणी सरकली. 'नाताळचा आठवडा' म्हणून एक्कावन्नावा घेतलेल्या कुटुंबाला काही वर्षी चोवीस तारखेच्या सकाळीच सामान बांधावे लागते.

११/
याहून मोठी खाच म्हणजे देखभाल शुल्क. किंमत एकदा भरावी लागते, शुल्क मात्र दरवर्षी. कुटुंब गेले तरी आणि न गेले तरी. छप्पर गळो वा उद्वाहक बदलो, खर्च सर्वांवर वाटला जातो. अनेक करार कायमस्वरूपी असल्याने हा बोजा वारसांपर्यंत पोहोचू लागला. स्पेनने १९९८ च्या कायद्याने मुदत पन्नास वर्षांपुरती मर्यादित केली, आणि २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यानंतरचे अनंतकाळचे करार अवैध ठरवले. फ्रान्सनेही २००९ साली वारसांसाठी बाहेर पडण्याची वाट मोकळी केली.

१२/
१९९० नंतर पहिल्या पिढीतील ग्राहक वृद्ध होऊ लागले आणि 'हा आठवडा आता विकून टाकू' असा विचार घरोघरी सुरू झाला. तेव्हा कटू सत्य उघड झाले. मूळ किमतीचा मोठा वाटा जाहिरात, भेटवस्तू आणि दलाली यांत गेलेला होता. त्याचा परतावा बाजार देत नाही. शिवाय नवा ग्राहक आठवड्यासोबत देखभालीचे ओझेही घेणार. त्यामुळे हजारो डॉलरांचे आठवडे लिलावाच्या संकेतस्थळांवर एका डॉलरला दिसू लागले, आणि तरीही काहींना गिऱ्हाईक मिळेना.

१३/
जेथे विकणारे हताश आणि घेणारे दुर्मीळ, तेथे भामटा हजर होतो. दूरध्वनी येतो : 'तुमच्या आठवड्याला गिऱ्हाईक तयार आहे, किंमतही उत्तम देतो आहे. फक्त नोंदणीचे शुल्क आधी भरा.' ते भरले की कर, मग हस्तांतरण शुल्क, मग वकिलाची फी. गिऱ्हाईक कधीच अस्तित्वात नसते. व्यवहाराची मूळ रीत अशी की इसार घेणारा देतो आणि विकणारा घेतो. या फसवणुकीत ती उलटी होते. विकणाराच पैसे मोजत राहतो. हीच तिची अचूक खूण.

१४/
कायदे मागून आले. युरोपीय संघाने १९९४ च्या निर्देशात करार रद्द करण्यासाठी दहा दिवसांची मुदत दिली. २००८ साली ती चौदा दिवसांची केली आणि पुनर्विक्रीत प्रत्यक्ष विक्री होण्यापूर्वी कोणतीही रक्कम घेण्यास बंदी घातली. फ्लोरिडाने २०१२ साली पुनर्विक्रीच्या जाहिरातदारांना लेखी करार बंधनकारक केला आणि गिऱ्हाईक तयार असल्याची थाप मारणे निषिद्ध ठरवले. २०१३ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने पुनर्विक्री व सहलींच्या फसवणुकीविरुद्धच्या १९१ कारवाया जाहीर केल्या.

१५/
तरी सर्वांत काळे पान पुढेच होते. मेक्सिकोच्या पुएर्तो व्हायार्ता या पर्यटननगरीत हालिस्को येथील अमली पदार्थांच्या टोळीने हा उद्योग हाती घेतला. अमेरिकी सरकारच्या २०२४ च्या सूचनेनुसार २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकी नागरिकांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याची नोंद झाली. बळींमध्ये वृद्धांचा भरणा मोठा. एकदा फसलेल्यालाच पुन्हा फोन येई, या वेळी वकील किंवा सरकारी अधिकारी बनून : 'तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, त्यासाठी थोडी रक्कम भरा.'

१६/
भारतात ही कल्पना १९८० च्या दशकात आली. स्टर्लिंगची स्थापना १९८६ ची, महिंद्रा हॉलिडेजची १९९६ ची. येथे बहुधा मालकीऐवजी ठरावीक वर्षांचे सभासदत्व विकले गेले. पंचवीस वर्षांची मुदत परिचित झाली. रंगही आले, आणि नाताळ ते नववर्ष हा काळ सर्वांत महागड्या रंगात बसला. गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना स्क्रॅच कार्ड देऊन 'बक्षीस लागले' म्हणत सादरीकरणाला नेणारे तरुण अनेकांच्या स्मरणात असतील. मुदतीच्या कराराचा एक लाभ खरा : तो कधीतरी संपतो.

१७/
या इतिहासातून निघणारे धडे मोजके आहेत.
• विक्री पूर्ण होण्याआधी विकणाऱ्याकडे पैसे मागणारा मध्यस्थ टाळावा.
• आपणहून फोन करून 'गिऱ्हाईक आहे' सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मूळ संकुलाकडे स्वतः चौकशी करावी. काही संकुले आठवडा परत घेतात.
• जुना आठवडा घेणाऱ्याने थकीत शुल्क, उरलेली मुदत आणि हस्तांतरणाच्या अटी लेखी तपासाव्यात. अनेक क्लबांत दुसऱ्या हाताने घेणाऱ्यास सर्व सवलती मिळत नाहीत.
• क्रमांक नव्हे, तारीख पाहावी.
• बुडालेले पैसे शुल्क घेऊन मिळवून देणारा बहुधा त्याच टोळीचा असतो.

१८/
आणि ज्या नाताळासाठी हा सारा खटाटोप, त्याचे काय? ड्रेस्डेनच्या नाताळ बाजाराचा उल्लेख १४३४ सालचा आहे, स्ट्रासबूर्गचा १५७० चा. न्यूरेम्बर्गचा प्रसिद्ध बाजार नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला मिटतो. म्हणजे सर्वांत महाग आठवड्यात, पंचवीस तारखेनंतर, तेथे पोहोचणाऱ्याला दिसतो तो रिकामा चौक. दिवे, आल्याच्या केकचा गंध, मसालेदार गरम द्राक्षरस हे सारे आगमनकाळाचे, डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांचे वैभव आहे.

१९/
बाजार ज्याला नाताळचा आठवडा म्हणतो आणि परंपरा ज्याला नाताळचा काळ म्हणते, त्यांत असे अंतर आहे. तो काळ अनुभवायचा असेल, तर मालकीची आवश्यकता नाही. एखाद्या टाइमशेअरधारकाकडून त्याचा आठवडा संकुलाच्या कार्यालयात खातरजमा करून भाड्याने घेता येतो, किंवा डिसेंबरच्या पूर्वार्धात साधी खोली मिळते. सुट्टी संपली की देणेही संपते.

२०/
हापिमागच्या संस्थापकांनी पाहिलेले स्वप्न वाईट नव्हते : एकट्याला न परवडणारे घर अनेकांनी मिळून वापरावे. बिघडले ते वाटपाला मालकी म्हटल्यामुळे आणि पन्नास आठवडे एकाच आठवड्याच्या चित्रावर विकल्यामुळे. तो एक आठवडा आजही तितकाच दुर्मीळ आहे. उरलेल्या एकोणपन्नासांची देयके मात्र दर जानेवारीत कोणाच्या ना कोणाच्या दारी येऊन पडतात, आणि त्यांतून सुटू पाहणाऱ्याच्या घरी फोन वाजतच राहतो.