थेम्स : लंडनने गमावलेली आणि परत मिळविलेली नदी

जिच्या काठी लंडन वसले, वाढले आणि जागतिक व्यापाराचे केंद्र बनले, ती थेम्स नदी लांबीने फार मोठी नाही. उगमापासून उत्तर समुद्रापर्यंत तिची लांबी सुमारे ३४६ किलोमीटर भरते. ब्रिटनमधील सेव्हर्न नदी तिच्याहून थोडी लांब आहे. मात्र तिचा उगम वेल्समध्ये होतो. संपूर्णपणे इंग्लंडमधून वाहणारी सर्वांत लांब नदी थेम्सच होय.

उगम ते मुख

ग्लॉस्टरशायर परगण्यातील केंबल गावाजवळच्या एका झऱ्यात थेम्सचा उगम मानला जातो. हा झरा वर्षातील बराच काळ कोरडा असतो. तेथून पूर्वेकडे वाहत ती ऑक्सफर्ड, रेडिंग, विंडसर या शहरांवरून लंडनमध्ये येते. ऑक्सफर्डच्या परिसरात तिला 'आयसिस' असेही म्हणतात. चेरवेल, केनेट, वे आणि ली या तिच्या प्रमुख उपनद्या होत. समुद्राची भरती लंडनच्या पश्चिमेकडील टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचते. लंडन ब्रिजजवळ मोठ्या भरतीच्या वेळी पाणी सुमारे सात मीटरने चढते-उतरते.

नदीचा आजचा मार्ग मूळचा नव्हे. सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाने तिचा जुना मार्ग अडविला आणि ती दक्षिणेकडे, आज लंडन आहे त्या खोऱ्यात वळली.

सत्ता आणि व्यापार

इसवी सनपूर्व ५४ मध्ये ज्युलियस सीझरने सैन्यासह थेम्स ओलांडली. इ.स. ५० च्या सुमारास रोमनांनी तिच्या काठी 'लोंडिनियम' वसविले. तेच पुढे लंडन झाले. १२१५ मध्ये काठावरील रनीमीडच्या कुरणात राजा जॉनने 'मॅग्ना कार्टा'ला मान्यता दिली. १२०९ मध्ये पूर्ण झालेला दगडी लंडन ब्रिज १७५० पर्यंत मध्य लंडनमधील एकमेव पूल होता. त्याच्या अरुंद कमानींमुळे प्रवाह मंदावे आणि कडक हिवाळ्यात नदी गोठत असे. त्या बर्फावर जत्रा भरत. शेवटची जत्रा १८१४ मध्ये भरली. भारताकडे येणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही याच नदीतून निघत. त्यांच्यासाठी ब्लॅकवॉल येथे बांधलेल्या गोद्या १८०६ मध्ये सुरू झाल्या.

दुर्गंधीचा उन्हाळा

भरभराटीची किंमत नदीने मोजली. लाखोंच्या वस्तीचे सांडपाणी तिच्यात मिसळत होते आणि अनेक भागांत तेच पाणी पिण्यासाठी वापरले जात होते. पटकीच्या साथींनी हजारोंचे बळी घेतले. १८५८ च्या उन्हाळ्यात काठावरील संसदभवनात बसणेही दुर्गंधीमुळे अशक्य झाले, तेव्हा कुठे निधीचा कायदा झटपट संमत झाला. अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी भुयारी गटारांचे जाळे उभारून सांडपाणी शहराच्या पूर्वेला नेले. पटकी हटली, पण घाण नाहीशी न होता केवळ नदीच्या खालच्या भागात सरकली. १९५७ मध्ये लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील शास्त्रज्ञांनी थेम्सचा भरतीचा पट्टा जैविकदृष्ट्या मृत ठरविला.

पुनरुज्जीवन आणि नवे प्रश्न

पुढील दोन दशकांत सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची क्षमता वाढविण्यात आली, कारखान्यांवर निर्बंध आले. १९७४ मध्ये सुमारे १४० वर्षांनी नदीत सामन मासा आढळला. आता तिच्या भरतीच्या पट्ट्यात माशांच्या शंभराहून अधिक जाती नोंदविल्या गेल्या असून सील आणि समुद्रघोडेही दिसतात.

१९५३ च्या महापुरात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर उभारलेल्या, ५२० मीटर रुंद पात्रावरील 'थेम्स बॅरियर'चे १९८४ मध्ये उद्घाटन झाले. तरीही प्रश्न संपलेले नाहीत. बॅझलजेट यांच्या गटारांतून सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकत्र वाहते. जोराच्या पावसात ते नदीत उतरत असे. हे रोखण्यासाठी बांधलेला २५ किलोमीटरचा बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाला. त्याच वर्षी मे महिन्यात, मुख्यतः सांडपाणी व्यवस्थेतील उल्लंघनांसाठी, जलसेवा नियामकाने 'थेम्स वॉटर' कंपनीला १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड ठोठावला. दीडशे वर्षांपूर्वी सुरू झालेले नदीशुद्धीचे काम लंडनमध्ये आजही चालूच आहे.