कानाशी ५८० व्होल्ट

मंडळी, जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची मागची पाटी कधी उघडून पाहिली असेल, तर तो देखावा तुमच्या डोळ्यांसमोर अजून असेल. काचेच्या नळ्या, त्यांच्या पोटात तांबूस उजेड, तापलेल्या धुळीचा वास. पाटीवर बहुधा एक सूचनाही असायची, की सेट चालू असताना आत हात घालू नये. ही सूचना उगाच नव्हती. विजेवर चालणाऱ्या त्या पेटीत नळ्यांच्या प्लेटांवर दोन-अडीचशे व्होल्टचा दाब असे. आणि पहा, जिथे हात घालू नये म्हणून बजावून सांगत होते, त्याच दाबाच्या दुपटीने दाब काही मंडळींनी मुद्दाम माणसाच्या कानाशी नेऊन ठेवला, तोही गाणं ऐकण्यासाठी! हे धाडस कसं झालं आणि त्याची सीमा कुठे लागली, ते आज पाहू.

नेहमीच्या हेडफोनात लोहचुंबक असतो आणि तारेचं एक वेटोळं असतं. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते हलतं आणि त्याला चिकटलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा हलवतं. स्थिरविद्युतीच्या हेडफोनात चुंबक नाही, वेटोळंही नाही. शाळेत आपण फणी केसांत घासून कागदाचे कपटे उचलतो ना, तोच हा खेळ. ओढ विद्युतभाराची. पडदा इतका पातळ, की त्याला वजन असून नसल्यासारखं. म्हणून तो आवाजाच्या बारीकसारीक हालचालींना चटकन साथ देतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर चांगल्या प्रतीच्या अशा हेडफोनातला पडदा अवघा दीड-दोन मायक्रॉनांचा असतो.

ही कल्पना मात्र फार जुनी. अमेरिकेतल्या अॅमॉस डॉलबिअर या प्राध्यापकाने १८८१ साली स्थिरविद्युतीवर चालणारा टेलिफोनचा श्रवणभाग तयार केला होता. बेलचा टेलिफोन तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. डॉलबिअरच्या यंत्रातून बोलणं ऐकू येई, पण अगदी क्षीण. क्षीण संकेताला जोर देणारं साधनच त्या काळी कुणाजवळ नव्हतं. ते साधन पुढच्या शतकात आलं. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने दोन टोकांची नळी केली आणि १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तिच्यात तिसरं टोक, म्हणजे ग्रिड, घातलं. पाटाच्या पाण्यावर जसं दार, तसं हे ग्रिड. दार जरासं हललं की पाण्याचा लोंढा बदलतो. ग्रिडवर व्होल्टभर हालचाल झाली की प्लेटवर वीस-पंचवीस व्होल्टची हालचाल मिळू लागली.

पुढे जर्मनीत फोग्ट, एंगल आणि मासोल या तिघांनी बोलपट तयार केला. १७ सप्टेंबर १९२२ रोजी बर्लिनच्या अल्हाम्ब्रा चित्रपटगृहात तो लोकांना दाखवला. त्यांचा ध्वनिक्षेपक स्थिरविद्युतीचा होता, त्याला त्यांनी नाव दिलं होतं स्टॅटोफोन. असं वाटलं असेल, की आता हीच रीत चालणार. पण १९२५ साली राईस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी हलत्या वेटोळ्याचा कर्णा पुढे आणला आणि बाजार त्यांनी जिंकला. तो स्वस्त होता, दणकट होता, आणि त्याला शेकडो व्होल्ट लागत नव्हते. स्थिरविद्युतीची कल्पना तीसेक वर्षं बाजूला पडली.

ती परत आली ती दोन कारणांनी. एक कारण साध्या मालाचं. १९५० च्या सुमारास मायलारसारखा पॉलिएस्टरचा अतिशय पातळ आणि चिवट पडदा बाजारात मिळू लागला. दुसरं कारण हिशेबाचं, आणि शिक्षक मंडळींनी ते जरूर समजून घ्यावं असं आहे.

एकच पत्रा आणि त्याच्यासमोर पडदा अशी रचना केली, तर ओढ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट, तर ओढ चौपट. शिवाय दाब धन असो की ऋण, ओढ आपली ओढच. अशा यंत्रातून निघालेला सूर बिघडलेला असणारच. उपाय असा, की पडदा मध्ये ठेवायचा आणि दोन्ही अंगांना छिद्रांचे दोन पत्रे लावायचे. पडद्यावर कायमचा भार चढवायचा आणि तो इकडेतिकडे पळू द्यायचा नाही. गाण्याचा दाब एका पत्र्यावर जेवढा चढेल तेवढाच दुसऱ्यावर उतरेल. मग बल भाराच्या आणि गाण्याच्या दाबाच्या सरळ प्रमाणात राहतं, वर्गाचं भूत नाहीसं होतं. हार्वर्डच्या फ्रेडरिक हंट यांनी १९५४ सालच्या आपल्या ग्रंथात या कायम भाराची मांडणी केली. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांनी १९५५ साली त्यावर लेख लिहिले आणि १९५७ साली क्वाड कंपनीचा मोठा, जमिनीवर उभा राहणारा स्थिरविद्युत ध्वनिक्षेपक बाजारात आणला. त्याच्या खर्जाच्या पडद्यांना ६,००० व्होल्ट लागत.

आता एवढी मोठी वस्तू लहान करून कानावर बसवायची कुणी? ते काम जपानने केलं. टोकियोची स्टॅक्स ही कंपनी १९३८ पासूनची, कंडेन्सर मायक्रोफोन आणि तबकडीच्या सुया करणारी. तिने १९६० साली एस.आर.-१ हा हेडफोन विकायला काढला. ती मंडळी त्याला हेडफोन म्हणत नसत, कानाचा स्पीकर म्हणत. पडद्याला सुमारे २०० व्होल्टचा कायम दाब दिलेला होता. पुढे तो २३० झाला आणि १९८० नंतरच्या नव्या जातीत ५८० व्होल्ट झाला. अमेरिकेत कॉस कंपनीने १९६८ साली ई.एस.पी.-६ काढला. त्यात दाब वाढवणारे ट्रान्सफॉर्मर कानाच्या वाट्यांतच बसवले होते. डोक्यावर केवढं ओझं झालं असेल, याची कल्पना करा.

इथे खरी गोष्ट सुरू होते. नळीचा स्वभाव असा, की ती दाब मोठा देते आणि प्रवाह थोडा देते. नेहमीच्या कर्ण्याला याच्या उलट हवं असतं, म्हणून रेडिओत नळीनंतर एक ट्रान्सफॉर्मर बसवून दाब उतरवतात. आणि स्थिरविद्युत हेडफोन त्या कर्ण्याच्या जागी जोडायचा, तर आणखी एक ट्रान्सफॉर्मर लावून तोच दाब परत चढवावा लागतो. विहिरीच्या काठावरचं पाणी आधी तळाशी सोडायचं आणि मग मोट लावून वर ओढायचं, असा हा कारभार. शिवाय प्रत्येक ट्रान्सफॉर्मर खर्जाला आणि वरच्या सुरांना थोडी इजा करतोच. म्हणून साठच्या दशकातच स्टॅक्सने खास नळ्यांचे ध्वनिवर्धक केले, ज्यांत नळीची प्लेट मध्ये ट्रान्सफॉर्मर न ठेवता थेट हेडफोनच्या पत्र्यांना जोडलेली असे.

हेडफोन म्हणजे विजेच्या भाषेत एक लहानसा कंडेन्सर. तारेसकट धरला तर साधारण ११० पिकोफॅरड. सेकंदाला १,००० कंपनांच्या सुराला तो साडेचौदा लाख ओहमांचा विरोध करतो, म्हणजे जवळजवळ काहीच प्रवाह मागत नाही. पण २०,००० कंपनांना हा विरोध ७२,००० ओहमांवर येतो. तिथे ३०० व्होल्ट द्यायचे म्हटलं, तर ४ मिलिअँपिअरवर प्रवाह लागतो, आणि लाटेच्या शिखराचा हिशेब केला तर जवळजवळ ६. वाचायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. नळीला विचारा!

नळी दाब खाली ओढू शकते, वर ढकलू शकत नाही. वर न्यायचं काम प्लेटला लावलेल्या रोधाचं. समजा, वर ३५० व्होल्ट धन आणि खाली ३५० व्होल्ट ऋण असा पुरवठा घेतला आणि रोध ५०,००० ओहमांचा ठेवला. मग प्लेट शून्यावर विसावलेली असताना रोधातून ७ मिलिअँपिअर वाहतात, वरच्या ६ ला पुरून उरतात. नळीवर तेव्हा ३५० व्होल्ट असतात, म्हणजे सुमारे अडीच वॉट उष्णता. टेलिव्हिजनसाठी निघालेल्या ६ सी.जी. ७ या जोडनळीत अशा दोन नळ्या एकाच काचेत असतात, दोघींचे मिळून ४.९ वॉट होतात आणि कारखान्याने घातलेली मर्यादा आहे ५.७ वॉटची. उष्णतेत निभावलं. पण त्याच नळीची प्लेटच्या दाबाची मर्यादा सुमारे ३३० व्होल्टची आहे. म्हणजे आपण गाणं सुरू व्हायच्या आधीच रेषेच्या पलीकडे! पुरवठा थोडा उतरवावा लागतो, किंवा दुसरी नळी शोधावी लागते.

आणखी एक खोच आहे, नवशिक्यांना फसवणारी. नळीच्या फिलामेंटमध्ये आणि कॅथोडमध्ये अगदी पातळ आवरण असतं, आणि या जातीच्या नळ्यांत ते जास्तीत जास्त २०० व्होल्ट सोसतं. कॅथोड ३५० व्होल्ट ऋणाजवळ नेऊन ठेवला आणि फिलामेंट जमिनीला जोडलं, तर नळी आतून फुटून जाते. म्हणून फिलामेंटचा सगळा पुरवठा उचलून त्या ऋण दाबावर नेऊन ठेवावा लागतो. कागदावर हे दिसत नाही, धूर निघाल्यावर दिसतं.

जास्त दाबाच्या शोधात लोक जुन्या टेलिव्हिजनच्या नळ्यांकडे वळले. चित्राच्या रेषा वर-खाली सरकवण्यासाठी केलेली ६ एस. ४ ए ही नळी ५५० व्होल्ट सोसते. त्याच्याही पुढे ई.एल. ३४, १९५० च्या दशकातली युरोपची दणकट नळी, तिच्या प्लेटला ८०० व्होल्टपर्यंत परवानगी. पण तिचं एकटीचं फिलामेंटच ६.३ व्होल्टला दीड अँपिअर खातं. चार नळ्यांचा संच म्हणजे खोलीत एक लहान शेगडीच. कानाला जाणारी खरी शक्ती त्या मानाने नगण्य.

मग दाब वाढवत न्यायचा तरी कुठवर? एक कुंपण हवेचं आहे. कोरडी हवा मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्टवर ठिणगी सोडते. पडदा आणि पत्रा यांतलं अंतर अर्धा मिलिमीटर धरलं, तर कागदावर १,५०० व्होल्ट मिळतात. त्यात ५८० कायमचे, वर शिखराला आणखी तीनेकशे. अंतर पुरेसं वाटतं, पण खर्जाच्या जोरात पडदा एका पत्र्याकडे झुकतो, अंतर कमी होतं, एखादा धुळीचा कण मध्ये येतो, हवा दमट असते. दुसरं कुंपण पडद्याच्या ताणाचं. कायमचा दाब फार चढवला तर पडदा एका पत्र्याला जाऊन चिकटतो. तो चिकटू नये म्हणून ताण वाढवला तर खर्ज कमी होतो. इकडे आड, तिकडे विहीर.

तिसरं कुंपण तुमच्या-आमच्या कानाचं, आणि व्होल्टच्या शर्यतीत लोक नेमकं तेच विसरतात असं मला वाटतं. असे बरेच हेडफोन १०० व्होल्टला १०० डेसिबेल आवाज देतात. ३०० व्होल्टला तो ११० च्या जवळ जातो. एवढ्या आवाजात काही मिनिटं सतत बसलं तरी कानाला धोका आहे. ढोलकीच्या एखाद्या थापेपुरता, क्षणभरासाठी, तो राखीव दाब हवा हे खरं. पण हजार-हजार व्होल्टची बढाई मारणाऱ्या यंत्रातला निम्मा दाब आयुष्यभर कुणी वापरत नाही.

धोक्याचं म्हणाल, तर पडद्याचे ५८० व्होल्ट फार मोठ्या रोधांतून येतात, त्यामुळे त्यातून जीवघेणा प्रवाह वाहू शकत नाही. भीती आहे ती ध्वनिवर्धकाच्या पेटीत. तिथले मोठे कंडेन्सर बटण बंद केल्यावरही भरलेले राहतात. एखादा हुशार विद्यार्थी हे वाचून जुनी पेटी उघडायला निघाला, तर शिक्षकांनी त्याला आधी थांबवावं. कंडेन्सर योग्य रोध लावून रिकामे करणं आणि मीटरने तपासणं ज्याला येतं, त्याच्या देखरेखीशिवाय त्या पेटीत बोट घालायचं नाही.

सत्तरच्या दशकात जास्त दाब सोसणारे ट्रान्झिस्टर मिळू लागले आणि नळ्यांची गरज तशी संपली. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओच्या नळ्या केल्या, त्यांचाही काळ मागे पडला. तरी या एका कोपऱ्यात नळी टिकून राहिली. स्टॅक्सने ट्रान्झिस्टरबरोबर नळ्यांचेही ध्वनिवर्धक चालू ठेवले. कंपनी २०११ साली चिनी मालकाकडे गेल्यावरही ते चालूच राहिले. नळीत काही जादू आहे असं मी म्हणणार नाही. शेकडो व्होल्ट तिच्या अंगवळणी आहेत, एवढंच.

जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने १९९१ साली ऑर्फियस नावाचा संच केला, हेडफोन आणि नळ्यांचा ध्वनिवर्धक मिळून, आणि तो सुमारे ३०० नगांवर थांबवला. २०१५ साली त्यांनी त्याचा वारस जाहीर केला. त्याच्या संगमरवरी पेटीत आठ नळ्या आहेत, पण शेवटचा दाब त्या देत नाहीत. मघाच्या ११० पिकोफॅरडांत तारेचा वाटा मोठा असतो, नळीचा बराच प्रवाह तार भरण्यातच खर्ची पडतो. म्हणून त्यांनी शेवटची पायरी तारेच्या पलीकडे नेली. ती आता कानाच्या वाटीत बसते, आणि तिथे नळी नाही, ट्रान्झिस्टर आहे.