निव्वळ स्तनपान : यशापयशाची कारणे

जन्मापासून सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीही न देणे, म्हणजे निव्वळ स्तनपान. औषधे, जीवनसत्त्वांचे थेंब आणि जलसंजीवनी यांना मात्र मुभा असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सहा महिन्यांखालील निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ६३.७ टक्क्यांवर गेले.

सुरुवात कशी होते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. २०१९-२१ च्या पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयात झाली, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच भरली. तेव्हा सारा दोष घरच्या रूढींच्या माथी मारता येत नाही. सिझेरियननंतरच्या वेदना, बाळाला आईपासून दूर ठेवणे, परिचारिकांची अपुरी संख्या यांमुळेही पहिले पाजणे लांबते.

मध्येच वरचे दूध सुरू होण्यामागे ‘दूध पुरत नाही’ ही समजूत फार मोठे कारण आहे. बहुतेक वेळा ती चुकीची असते. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. वरच्या दुधाने पोट भरले की ओढणे कमी होते आणि दूध खरोखरच आटू लागते. बाळ रडते यावरून काही ठरत नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाकाठी सहा-सात वेळा लघवी आणि वाढते वजन, या खऱ्या खुणा. पाजण्याची पद्धतही महत्त्वाची. बाळाच्या तोंडात नुसती बोंडी गेली तर तिला भेगा पडतात. भोवतालचा काळसर भागही आत जावा लागतो. हे शेजारी बसून दाखवणारे कोणी असेल, तर अर्धी अडचण तिथेच सुटते.

घरात शब्द चालतो तो बहुधा बाळंतिणीच्या सासूचा किंवा आईचा. चीक काढून टाकणे, मध चाटवणे, गुटी देणे, उन्हाळ्यात पाणी पाजणे हे त्यांच्याच सल्ल्याने होते. त्यामुळे एकट्या बाळंतिणीला समजावून भागत नाही.

कायद्याचाही काही आधार आहे. बाळांच्या दूधपावडरच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. प्रसूती रजेच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रियांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. पण ऊसतोड कामगार, शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांपर्यंत ती पोहोचत नाही.