शाळेच्या हक्कातून जन्मलेली वाहिनी : ‘टीएफओ’ची कुळकथा

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात इंग्रजी ही बहुसंख्यांची भाषा आहे. तथापि ओटावा नदीकाठची गावे, सडबरीचा खाणपट्टा आणि उत्तरेकडील हर्स्ट, कापुस्केसिंग यांसारखी लाकूडव्यवसायावर वाढलेली नगरे येथे पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलणारा समाज नांदत आला असून त्याची संख्या आज सुमारे ६ लाख आहे. ‘फ्रँको-ऑन्टारियन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समाजासाठी प्रांताच्या सार्वजनिक निधीवर चालणारी शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिनी म्हणजे ‘टीएफओ’ होय. या वाहिनीचे मूळ दूरचित्रवाणीच्या तंत्रात शोधले तर हाती फारसे काही लागत नाही. ते सापडते शाळेच्या इतिहासात. आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकवण्याचा आणि ते शिक्षण आपल्याच हातांनी चालवण्याचा जो हक्क या समाजाने दीर्घकाळ मागितला, त्याच हक्काची ही एक शाखा आहे.

१९१२ साली ऑन्टारिओ सरकारने ‘नियम १७’ जारी केला आणि शिक्षणाचे माध्यम म्हणून फ्रेंचचा वापर प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांपुरता मर्यादित केला. त्याला विरोध करण्यासाठी १९१३ साली ओटावात ‘ल द्रुआ’ हे फ्रेंच दैनिक निघाले. जानेवारी १९१६ मध्ये त्याच शहरातील गीग शाळेच्या दाराशी आया पहाऱ्याला बसल्या आणि नियम झुगारून शिकवणाऱ्या देलोज भगिनींना वर्गाबाहेर काढू पाहणाऱ्यांना त्यांनी टोपीला लावायच्या लांब पिना हाती घेऊन परतवून लावले. न्यायालयात मात्र या समाजाच्या पदरी निराशा आली. कॅनडाचे सर्वोच्च अपील तेव्हा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे चालत असे आणि १८६७ च्या राज्यघटनेने शाळांना दिलेले संरक्षण धर्मापुरते आहे, भाषेला ते लागू नाही, असा निकाल त्या न्यायपीठाने १९१६ मध्ये दिला. १९२७ पासून नियमाची अंमलबजावणी सैल झाली. परंतु सरकारी खर्चाने चालणाऱ्या फ्रेंच माध्यमिक शाळांना कायद्याचा आधार मिळण्यास १९६८ साल उजाडावे लागले.

याच सुमारास दूरचित्रवाणीचा प्रश्न पुढे आला आणि तो घटनेतील अधिकारवाटपाशी येऊन अडला. कॅनडात शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे, तर प्रसारण हा केंद्राचा, कारण प्रिव्ही कौन्सिलनेच १९३२ मध्ये रेडिओवरील अधिकार केंद्राकडे असल्याचे ठरवले होते. त्यामुळे प्रांतिक सरकारला स्वतःच्या नावावर प्रसारणाचा परवाना मिळत नसे. यावर तोडगा असा निघाला की, सरकारपासून स्वतंत्र असलेल्या महामंडळाने केवळ शैक्षणिक कार्यक्रमांसाठी वाहिनी चालवावी. या चौकटीत १९७० साली ऑन्टारिओचे शैक्षणिक संज्ञापन प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याची ‘टीव्हीऑन्टारिओ’ ही वाहिनी टोरांटोतून सुरू झाली. फ्रेंचभाषकांच्या दृष्टीने या तोडग्याचे महत्त्व मोठे होते, कारण प्रांताच्या अखत्यारीत वाहिनी मिळवण्याचा मार्ग शिक्षण या एकाच विषयातून जात होता आणि शिक्षणावरील त्यांचा दावा तर अर्धशतकाहून जुना होता.

आरंभी मात्र त्यांच्या वाट्याला आले ते इंग्रजी वाहिनीवरचे काही तास, तेही मुख्यतः रविवारचे. रादिओ-कॅनडा या राष्ट्रीय फ्रेंच सेवेचे केंद्र ओटावात १९५५ पासून होते आणि टोरांटोत ते १९७३ मध्ये आले. परंतु त्या सेवेचे हृदय माँट्रियलमध्ये असल्याने तिच्यावर क्वेबेकचे जीवन दिसे आणि ऑन्टारिओतील प्रेक्षकाला स्वतःचे गाव क्वचितच भेटे. दरम्यान हा समाज स्वतःकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागला होता. १९६० च्या दशकात क्वेबेकचा राष्ट्रवाद त्या प्रांताच्या सीमेपुरता आखला गेला, तेव्हा सीमेबाहेरच्या फ्रेंचभाषकांना आपली ओळख नव्याने घडवावी लागली. सडबरीत १९७१ साली ‘तेआत्र द्यू नूव्हेल-ओंतारिओ’ ही नाट्यसंस्था उभी राहिली आणि २५ सप्टेंबर १९७५ रोजी त्याच शहरात हिरवा-पांढरा फ्रँको-ऑन्टारियन ध्वज प्रथम फडकला. त्यावरील लिली हे फ्रेंच वारशाचे, तर ट्रिलियम हे ऑन्टारिओचे फूल आहे. १९८२ च्या हक्कसनदेतील २३ व्या कलमाने अल्पसंख्याकांच्या भाषेतील शिक्षणाला घटनात्मक आधार दिला, तर १९८६ मध्ये ऑन्टारिओच्या विधानसभेने फ्रेंच भाषेतील सरकारी सेवांचा कायदा संमत केला.

या सर्व प्रवाहांच्या संगमावर १ जानेवारी १९८७ रोजी ‘ला शेन फ्रांसेज’ ही स्वतंत्र फ्रेंच वाहिनी सुरू झाली. तिच्या उभारणीची धुरा झाक बाँसिमों यांच्याकडे होती, जे पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे प्रमुख झाले. १९९५ मध्ये वाहिनीने ‘टीएफओ’ हे नाव धारण केले. शालेय अभ्यासक्रमाला पूरक मालिका, बालकांचे कार्यक्रम, जाहिरातींच्या व्यत्ययावाचून दाखवलेले चित्रपट आणि समाजाच्या प्रश्नांची चर्चा यांतून तिचे रूप घडले. २००३ मध्ये सुरू झालेली ‘फ्राँकर’ ही मालिका पहिली फ्रँको-ऑन्टारियन दैनंदिन जीवनावरील कौटुंबिक मालिका मानली जाते. पूर्व ऑन्टारिओतील शेतकरी कुटुंबांचे जगणे आणि त्यांची बोली तिच्यामुळे पडद्यावर आली.

वाहिनी स्वतंत्र झाली तरी संस्था स्वतंत्र नव्हती, कारण अंदाजपत्रक आणि अंतिम निर्णय टीव्हीऑन्टारिओच्या संचालक मंडळाकडेच राहिले. १९९० च्या दशकात प्रांतिक सरकारने टीव्हीऑन्टारिओच्या खासगीकरणाचा विचार सुरू केला, तेव्हा या अवलंबनातील धोका स्पष्ट झाला. त्याच काळात ओटावातील माँफोर या फ्रेंच रुग्णालयावर बंद होण्याची वेळ आली आणि समाजाने दिलेल्या लढ्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने ते वाचवले. सेवा आपल्या भाषेत मिळणे आणि ती देणारी संस्था आपली असणे, यांतील फरक त्या खटल्याने प्रांतभर अधोरेखित केला, कारण अशी संस्था भाषा टिकवण्याचे आणि पुढील पिढीकडे सोपवण्याचेही कार्य करते, हे न्यायालयाने मान्य केले होते. शाळांच्या बाबतीत हे तत्त्व आधीच रुजले होते आणि १९९८ पासून प्रांतातील १२ फ्रेंच शाळामंडळे स्वतःचा कारभार पाहत होती. १ एप्रिल २००७ रोजी टीएफओ टीव्हीऑन्टारिओपासून विभक्त होऊन स्वतःच्या संचालक मंडळाखाली आली.

या वाटचालीत तीन टप्पे स्पष्ट दिसतात : प्रथम दुसऱ्याच्या वाहिनीवरची वेळ, नंतर स्वतःची वाहिनी आणि अखेरीस स्वतःची संस्था. शाळेच्या लढ्यातही प्रथम फ्रेंचचे तास, मग फ्रेंच शाळा आणि शेवटी फ्रेंच शाळामंडळे असाच क्रम होता. अल्पसंख्याकांच्या भाषेला दिलेली वेळ बहुसंख्यांच्या सोयीनुसार आखडता येते; संस्था मात्र आपली माणसे घडवते, आपला इतिहास जपते आणि गरज पडल्यास आपल्या बचावासाठी उभी राहते. म्हणूनच या वाहिनीच्या इतिहासात १९८७ इतकेच २००७ हे सालही जन्मवर्ष म्हणून नोंदवणे योग्य ठरते.