राणीचा बिल्ला

धारूर म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो. १५६७ साली आदिलशाही सरदार किश्वरखान लारी यानं तो बांधला. पुढं मोगलांनी जिंकून त्याचं नाव फतेहाबाद ठेवलं. किल्ल्याचा इतिहास लिहिलेला आहे, तो वाचता येतो. पण त्या किल्ल्याखालच्या बालाघाटाच्या माळावर ज्यांनी औत हाकलं, त्यांचा इतिहास कुठं वाचायचा? मी आज अशाच एका शेतकऱ्याबद्दल बोलणार आहे. ते माझे खापरपणजोबा.

आमच्या घरात त्यांच्याविषयी तीन गोष्टी सांगत. ते मोमिनाबादच्या रिसाल्यात स्वार होते. बंडाच्या साली ते झाशीला लढले. आणि राणीनं त्यांना चांदीचा बिल्ला दिला. एवढ्या भांडवलावर आम्ही पोरं शाळेत छाती काढून सांगायचो, की आमचे खापरपणजोबा झाशीच्या राणीकडून लढले! गुरुजीही कौतुकानं मान डोलवायचे.

पुढं वाचनाचा नाद लागला आणि या तीन गोष्टी एकमेकींशी जुळेनात.

मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. तिथं घोडदळाची छावणी होती. हे घोडदळ हैदराबाद कंटिंजंटचं. नाव हैदराबादचं, खर्च निजामाचा, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८५३ च्या तहानं या फौजेच्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड आणि धाराशिवसारखे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने ठेवायचे असं त्यात ठरलं होतं.

या घोडदळात शिलेदारी पद्धत होती. स्वारानं घोडा, खोगीर, तलवार स्वतःची आणायची. सरकार पगार द्यायचं, त्यातच घोड्याचा दाणावैरण भागवायचा. ज्याला घोडा परवडत नसे, तो दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसे. थोडी जमीन असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही नोकरी म्हणजे आधार होता. पाऊस दगा देतो, पगार देत नाही. पण घोडा मेला, तर घर कर्जात बुडायचं. म्हणजे खापरपणजोबांच्या घोड्याच्या पाठीवर नुसते ते नव्हते, सगळं घर बसलेलं होतं.

आता १८५७ कडे येऊ. त्या वर्षी मोमिनाबादहून तेव्हाच्या औरंगाबादेत गेलेल्या रिसाल्यात जून महिन्यात असंतोष भडकला. आपल्याला निजामाच्या हद्दीबाहेर, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार, असं स्वारांना कळलं होतं. त्यांनी साफ नकार दिला. इंग्रजांची फौज चालून आली. मीर फिदा अली या दफेदारानं कॅप्टन अ‍ॅबटवर गोळी झाडली, त्याला फाशी दिलं. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. मराठवाड्याच्या मातीतलं हे बंड. पण झाशीच्या गोष्टीपुढं ते आपल्या घराघरांत विसरलं गेलं.

त्यानंतर याच कंटिंजंटच्या तुकड्या सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर मध्य हिंदुस्थानात गेल्या. १८५८ च्या मार्चमध्ये झाशीला वेढा पडला, एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं, मे महिन्यात काल्पी पडली. मोमिनाबादचा स्वार झाशीला होता, तर तो तटाच्या बाहेर होता, आत नव्हता.

तरी मी मनाची समजूत घालत होतो. म्हणायचो, एखादा फुटून आत गेला नसेल कशावरून? पण उरली होती ती बिल्ल्याची गोष्ट.

तो बिल्ला मी पाहिलेला नाही. आजीनंही नाही. आजीच्या सासूबाईंनी तो पाहिला होता आणि आजीनं त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. एका बाजूला राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला सिंहवाली देवी. घरच्यांनी तिला अंबाबाई समजून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहत.

एके दिवशी एका पुस्तकात त्या युद्धाच्या पदकाचं चित्र पाहिलं आणि हात तसाच थांबला. चांदीचं पदक. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी. दुसऱ्या बाजूला ब्रिटनचं प्रतीक असलेली ब्रिटानिया, आणि तिच्यामागं सिंह! राणी खरी होती, देवीही होती, सिंहही होता. आजीच्या सासूबाईंनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. राणी तेवढी वेगळी होती.

मला वाईट वाटलं हे कबूल करतो. वडिलांना कसं सांगावं, हा प्रश्न पडला. सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घोडा कर्जाचा असला, की लगाम सावकाराच्या हातात असतो."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. यानं खापरपणजोबा निर्दोष ठरत नाहीत. त्याच रिसाल्यांत, तशीच घरं पाठीशी असणाऱ्या काहींनी 'येणार नाही' म्हटलं आणि जीव दिला. पण वीस-बावीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोरापुढं त्या दिवशी काय उभं होतं, ते यातून कळतं. त्यांनी काय पाहिलं, हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. परत येऊन ते ज्वारी पेरत राहिले. घरात एवढंच राहिलं, की म्हातारपणी ते तलवारीला हात लावत नसत.

बिल्ल्याचं पुढं काय झालं? १८९९-१९०० चा दुष्काळ पडला, तेव्हा पणजोबांनी तो सोनाराकडं नेला. चांदी आटली, घरात जोंधळा आला. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव घातलेलं असे. म्हणजे आमच्या माणसाचं नाव धातूवर उमटलेली बहुधा एकमेव जागा चुलीला लागली. मला त्याचा राग नाही. त्या जोंधळ्यावर जी पोरं जगली, त्यांच्यातच माझे आजोबा होते.

मंडळी, तुमच्याही घरात अशा गोष्टी असतील. जुन्या पेटीतला निजामी कागद टाकून देऊ नका. त्यावर फसली साल असेल, तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन साधारण कळेल. कागद मोडीत असेल, फारसीत असेल, १८८४ नंतरचा असेल तर उर्दूत असेल. जाणकाराकडून वाचून घ्या. हैदराबाद रेसिडेन्सीची दप्तरं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईचं बोलणं आधी लिहून घ्या. ती जे सांगते ते बहुतेक खरं असतं. राणी कोणती, एवढं मात्र आपण विचारायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)