कुरकुरणारी कमान

जुन्या काळी राजेरजवाड्यांनी आणि धनिकांनी ज्या मोटारी मोठ्या हौसेने घेतल्या, त्यांचा पहिला गुण मानला जाई तो शांतता. रोल्स-रॉइसची सहा सिलिंडरांची मोटार १९०६ साली लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात मांडली गेली. तिचे इंजिन इतके हलके चाले की, पुढच्याच वर्षी त्या जातीच्या एका रुपेरी गाडीस कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे ‘रुपेरी भूत’, असे नाव दिले. परंतु इंजिन गप्प झाले आणि त्याच्या गोंगाटात आजवर लपून राहिलेला दुसरा आवाज उघडा पडला. तो होता गाडीखालच्या पाट्यांचा.

पाट्यांची ही कमान मोटारीला घोडागाडीकडून वारशाने मिळाली. ओबादाया एलियट या इंग्रज कारागिराने १८०४ साली लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले होते. कमानीत पोलादी पाटे एकावर एक रचलेले असतात. चाक खड्ड्यात गेले की ते एकमेकांवर सरकतात. वंगण सुकले, पाणी शिरले, गंज चढला, की त्या सरकण्याची करकर होते.

उपाय वरकरणी सोपा होता. गाडीचा सांगाडा उचलून धरावा. भार सुटला की पाटे किंचित विलग होतात. त्या फटींत ग्रॅफाइट मिसळलेले ग्रीस भरावे आणि वरून चामड्याचे आवरण बांधावे, म्हणजे धूळ बाहेर व वंगण आत राहते.

येथेच खरी अडचण उभी राहिली. पाट्यांचे घर्षण आवाज करीत होते हे खरे. पण गाडीचे हेलकावेही तेच आवरीत होते. वंगण मुबलक झाले की कुरकुर थांबे, पण गाडी झुल्यासारखी झुलू लागे. तेव्हा भार पेलणे आणि हेलकावा शमविणे ही दोन कामे वेगळी करणे भाग पडले. फ्रान्समधील त्र्युफो आणि अमेरिकेतील हार्टफर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी, घर्षणचकत्यांची धक्काशामके विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली; पुढे तेलावर चालणारी आली. मग पाट्यांना निश्चिंतपणे वंगण देता येऊ लागले.

१९३६ च्या ‘फँटम थ्री’ मोटारीत पुढच्या चाकांसाठी वेटोळ्याच्या स्प्रिंगा तेलाने भरलेल्या पेटीत बसविल्या गेल्या. तेथे एकमेकांवर घासणारे पाटेच उरले नाहीत. मागे मात्र पाटे कायम होते, आणि मालमोटारींखाली ते आजही आहेत. कुरकुर घालवावयाची तर कुरकुरणारा कोणते काम करीत आहे, हे आधी पाहावे लागते, हा धडा त्या कारागिरांनी या पाट्यांपासूनच घेतला.